मेम्फिस ते न्यू ऑर्लिन्स: सोल गाणाऱ्या बायकांच्या गावांतून

सोल म्युझिक, म्हणजे चर्चच्या गाण्यांतून आलेलं काळ्या अमेरिकन लोकांचं संगीत, म्हटलं की अरीथा फ्रँकलिन, ओटिस रेडिंग, अल ग्रीन एवढी नावं घेऊन बहुतेकांची यादी संपते. माझी तिथून पुढे सुरू होते. अ‍ॅन पीबल्स, शर्ली ब्राउन, कँडी स्टेटन, बेटी लव्हेट, डोरोथी मूर, आयर्मा थॉमस. साठ-सत्तरच्या दशकात ह्या बायकांनी जी संथ, जीव ओतून गायलेली गाणी करून ठेवलीत, ज्यांना सोल बॅलड म्हणतात, ती मी अ‍ॅटलांटाला आल्यापासून ऐकतेय आणि दरवेळी मला हेच वाटतं की इतकं गाणारी बाई लोकांना माहीत कशी नाही? ह्या मे महिन्यात आई मिरजेहून आली होती, नवऱ्याला सुट्टी नव्हती, मग आम्ही दोघीच गाडी काढून निघालो. मेम्फिस, मसल शोल्स, जॅक्सन आणि न्यू ऑर्लिन्स, म्हणजे ही गाणी जिथे रेकॉर्ड झाली ती अमेरिकेच्या दक्षिणेतली गावं. आई मिरजेत गाणं शिकलेली, घराजवळच्या गल्लीत तंबोरे बनायचे, त्यामुळे कान एकदम तयार, पण इंग्लिश गाण्यांशी तिचा कधी संबंध आला नव्हता. तिला हे आवडेल का, ही धाकधूक मला होतीच.

गुरुवार: अ‍ॅटलांटा ते मेम्फिस

बर्मिंगहॅमवरून आय-22 धरला की सरळ मेम्फिस, सहा तासांचा रस्ता. अलाबामात शिरलं की घड्याळ एक तास मागे जातं, तेवढा वेळ फुकट मिळतो. मिसिसिपीत शिरल्यावर मात्र आभाळ भरून आलं आणि असा पाऊस सुरू झाला की पुढच्या गाडीचे लाल दिवे तेवढे दिसत होते. वाटेतल्या एका गॅस स्टेशनच्या छपराखाली गाडी लावली आणि म्हटलं, हीच वेळ आहे. अ‍ॅन पीबल्सचं 'आय कान्ट स्टँड द रेन' लावलं.

1973 सालचं गाणं. अ‍ॅन आणि गाणी लिहिणारा डॉन ब्रायंट आणि त्यांचा एक मित्र मेम्फिसमध्ये गाण्याच्या कार्यक्रमाला जायला निघाले होते, पाऊस आला, आणि अ‍ॅन वैतागून जे बोलली तीच गाण्याची ओळ झाली. सुरुवातीला जो टप-टप-टप आवाज येतो तो इलेक्ट्रिक टिंबालीचा, म्हणजे छोट्या ढोलांसारख्या वाद्याचा. पुढच्याच वर्षी अ‍ॅन आणि डॉनचं लग्न झालं, पण गाण्यात ती खिडकीवरच्या पावसाला सांगतेय की आता तो माणूस इथे नाही, तू त्याची आठवण करून देऊ नकोस. आई पूर्ण गाणं डोळे मिटून ऐकत होती. म्हणाली, "अगं, आवाज केवढा मोठा आहे हिचा, पण सगळा वापरत नाहीये. राखून गातेय." मी चाटच पडले. अ‍ॅन पीबल्सबद्दल मला इतकी वर्षं जे सांगायचं होतं ते आईने एका ऐकण्यात सांगितलं.

(एप्रिल-मेमध्ये ह्या भागात येणार असाल तर फोनवरचे वेदर अलर्ट चालू ठेवा. टॉर्नेडोचे दिवस असतात, लोक ते फार गंभीरपणे घेतात, तुम्हीही घ्या.)

शुक्रवार: मेम्फिस

सकाळी उघडल्याउघडल्या स्टॅक्स म्युझियम, म्हणजे स्टॅक्स ह्या सोलच्या रेकॉर्ड कंपनीचं म्युझियम. 926 ईस्ट मॅक्लेमोर अव्हेन्यू. इथे आधी कॅपिटल नावाचं सिनेमा थिएटर होतं, तेच भाड्याने घेऊन जिम स्टुअर्ट आणि त्याची मोठी बहीण एस्टेल अ‍ॅक्स्टन ह्यांनी स्टुडिओ काढला. स्टुअर्टचं एसटी आणि अ‍ॅक्स्टनचं एएक्स, झालं स्टॅक्स. मूळ इमारत 1989 मध्ये पाडली. आता जी दिसते ती त्याच जागी परत बांधलेली आहे, 2003 ला उघडली. थिएटरची जमीन उतरती होती ती तशीच उतरती ठेवलीय, आणि त्या उतारावर उभं राहिलं की पावलांना कळतं की आपण कुठे आहोत. आत शिरल्यावर आधी लागतं ते मिसिसिपी डेल्टामधलं शंभर वर्षांहून जुनं लाकडी चर्च, सुटं करून आणून अख्खं परत उभारलंय. ह्या सगळ्या गायिकांची तालीम चर्चमध्येच झाली, त्यामुळे ते सुरुवातीलाच ठेवलं हे फार योग्य वाटलं. स्टॅक्सच्या आयझॅक हेज ह्या गायकाची सोन्याने मढवलेली कॅडिलॅक गाडी पण आहे, फिरत्या चबुतऱ्यावर, सगळी गर्दी तिथेच.

आई मात्र एस्टेल अ‍ॅक्स्टनच्या पाटीपाशी खिळून राहिली. बँकेत नोकरी करणारी बाई, भावाला रेकॉर्डिंग मशीन घ्यायचं होतं म्हणून हिने स्वतःच्या घरावर दुसरं कर्ज काढलं. थिएटरच्या खाऊच्या काउंटरवर रेकॉर्डचं दुकान थाटलं, आणि आत नवीन गाणं झालं की दुकानात येणाऱ्या पोरापोरींना ऐकवून बघायची, त्यांचे पाय हलले तर गाणं चांगलं. आई म्हणाली, "घर गहाण टाकलं तिने, आणि नाव सगळं पुरुषांचं." म्युझियममध्ये एस्टेलचं नाव आहे, व्यवस्थित आहे, पण बाहेर किती जणांना माहितीये? आईचं चूक नव्हतं.

भिंतभर लावलेल्या सिंगल्समध्ये, म्हणजे एकेका गाण्याच्या रेकॉर्ड्समध्ये, मी माझ्या बायका शोधत होते. कार्ला थॉमस सापडायला सोपी, तिचं 'जी विझ' तिने शाळेत असताना स्वतः लिहिलेलं, 1961 ला देशभर गाजलं. वेंडी रेनेचं 'आफ्टर लाफ्टर' 1964 चं, तीही तेव्हा शाळकरी मुलगीच, भावासोबत लिहिलं आणि काय गायलीये, आवाजात थोडा कच्चेपणा आहे आणि त्याच कच्चेपणाने काळजाला हात घालते. पुढे 1993 मध्ये वू-टँग क्लॅन ह्या रॅप ग्रुपने त्याचा तुकडा आपल्या गाण्यात वापरला तेव्हा पोरांना कळलं. मेबल जॉनचं 'युअर गुड थिंग' 1966 चं, आयझॅक हेज आणि डेव्हिड पोर्टरने लिहिलेलं. बाई नवऱ्याला अगदी शांतपणे सांगतेय की तुझे चांगले दिवस संपत आले. तेच गाणं तीन वर्षांनी लू रॉल्सने गायलं आणि लोकांना आज त्याचंच आठवतं. मला लू रॉल्स आवडतो, पण मेबलचं ऐका, नंतर त्याचं ऐकवणार नाही.

आणि शर्ली ब्राउन. 'वुमन टू वुमन', 1974. सुरुवातीला ती गातच नाही, फोनवर बोलते. नवऱ्याच्या खिशात नंबर सापडलाय आणि ती त्या दुसऱ्या बाईला फोन लावतेय, बार्बरा तिचं नाव. शिवी नाही, आरडाओरड नाही, त्याचे कपडे मी घेते, गाडीचे हप्ते मी भरते असा सगळा हिशोब मांडते आणि मग हळूच त्या बोलण्याचं गाणं होतं. कुठल्या क्षणी झालं ते मला अजून पकडता आलेलं नाही. आर अँड बी, म्हणजे काळ्या लोकांच्या गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या नंबरला गेलं ते, स्टॅक्सचं शेवटचं मोठं हिट. 1975 च्या डिसेंबरात कंपनीचं दिवाळं वाजलं. विचार करा, आयुष्यातलं सगळ्यात मोठं गाणं हिट होतं आणि वर्षभरात ज्या कंपनीने ते काढलं तीच बंद पडते. पुढचं गाणं कोण विकणार, दुकानात कोण पोचवणार? ह्या बायका मागे पडल्या त्यात आवाजाचा काही दोष नव्हता, त्यांच्या पायाखालची फळीच निघून गेली. शर्ली पुढेही गात राहिली, पण तो जोर परत कोणी तिच्यामागे लावला नाही.

जेवायला चालत द फोर वे. 1946 पासून आहे, मार्टिन ल्युथर किंग इथे जेवायचे. मी कॅटफिश घेतला, कुरकुरीत, बाहेरून मक्याच्या पिठाचा, आतून लोण्यासारखा मऊ. आईने भाज्यांचं ताट मागवलं. इकडे भाज्यांच्या ताटात मॅकरोनी-चीज पण भाजी म्हणून धरतात, आईला ते काही पटलं नाही, पण रताळी आणि मक्याचा ब्रेड तिने चाटूनपुसून संपवला. शाकाहारी असाल तर हिरव्या पालेभाजीबद्दल आधी विचारा, दक्षिणेत त्यात बहुतेक वेळा मांस टाकूनच शिजवतात. वाढणाऱ्या काकूंनी आईला विचारलं कुठून आलात, आणि आम्ही शर्ली ब्राउन ऐकायला आलोय म्हटल्यावर त्या ट्रे हातात घेऊन तिथेच उभ्या राहिल्या आणि फोनवरचं अख्खं बोलणं त्यांनी तोंडपाठ म्हणून दाखवलं, मागच्या टेबलवरच्या बायकांनी हुंकार भरले. पीच कॉब्लरचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

संध्याकाळी रॉयल स्टुडिओ बाहेरून बघितला. हेही जुनं सिनेमा थिएटर. निर्माता विली मिचेलने अल ग्रीनसोबतच अ‍ॅन पीबल्सलाही इथेच रेकॉर्ड केलं, आता रस्त्यालाही मिचेलचं नाव आहे. स्टुडिओ अजून कामाचा आहे, म्युझियम नाही, आत बघायचं असेल तर आधी विचारून ठरवावं लागतं. लोरेन मोटेल, जिथे 4 एप्रिल 1968 ला किंगना गोळी घातली, तिथे आता नागरी हक्कांचं म्युझियम आहे, त्याला अर्धा दिवस वेगळा ठेवा. त्याच मोटेलमध्ये स्टॅक्सचे काळे-गोरे कलाकार एकत्र बसून गाणी लिहायचे. तेव्हाच्या मेम्फिसमध्ये त्यांना असं एकत्र बसता येईल अशा जागा फार थोड्या होत्या.

शनिवार: मसल शोल्स, अलाबामा

मेम्फिसहून हायवे 72 ने अडीच-तीन तास. टेनेसी नदीच्या काठाला चार छोटी गावं एकमेकांना चिकटून आहेत, फ्लोरेन्स, शेफील्ड, टस्कंबिया आणि मसल शोल्स. रस्त्याकडेला मॅग्नोलिया फुललेला, फूल ताटाएवढं, आईने गाडी थांबवायला लावून वास घेतला.

फेम स्टुडिओ अगदी साधा, शेजारी फार्मसी आणि समोर ट्रॅफिक. दारावर पाटी आहे की ह्या दारातून जगातले उत्तमोत्तम कलाकार आत जातात. एखाद्याला ती बढाई वाटेल, मला वाटली नाही. 1967 मध्ये अरीथा इथे आली, एकच दिवस काम झालं, भांडणं झाली, पण त्या दिवसाने तिचं आयुष्य बदललं. त्याच वर्षी शिकागोच्या रेकॉर्ड कंपनीवाल्या लेनर्ड चेसने एटा जेम्सला इथे आणलं आणि तिने 'आय'ड रादर गो ब्लाइंड' गायलं. एटानेच सांगून ठेवलंय की ते पहिल्यांदा ऐकून चेस रडत खोलीबाहेर गेला. आणि असं गाणं त्यांनी 'टेल मामा'च्या मागच्या बाजूला टाकलं! बी-साइड! आमच्या गाइडने ते स्टुडिओतल्याच स्पीकरवर लावलं. ऑर्गनचे दोनच कॉर्ड, पुढे-मागे, पुढे-मागे, बाकी सगळं एटा. दोन सुरांवर आख्खं गाणं तोलून धरलंय म्हणून आई थक्क झाली, त्या मुलाला तिने मराठीतच सांगितलं आणि मी भाषांतर करत होते, तो म्हणाला की रोज लावतो पण असं कोणी सांगितलं नव्हतं.

माझं लक्ष मात्र कँडी स्टेटनकडे. ती इथलीच, अलाबामातल्या हॅन्सव्हिलची, लहानपणी कापूस वेचलेला, गॉस्पेल, म्हणजे चर्चची भक्तिगीतं, गात मोठी झालेली. क्लॅरन्स कार्टर ह्या गायकाने तिला फेम चालवणाऱ्या रिक हॉलकडे आणलं. रिक हॉल तिच्याकडून परत परत टेक घ्यायचा, आवाज फाटायला लागेपर्यंत, कारण त्याला ती फाटलेली कडाच हवी असायची. 1969 ते 1970 च्या तिच्या गाण्यांत ती कडा स्पष्ट ऐकू येते. 'स्टँड बाय युअर मॅन' हे मूळ कंट्री, म्हणजे गोऱ्या ग्रामीण अमेरिकेच्या ढंगाचं गाणं, कँडीने गायलं की त्यातली बाई नवऱ्याला साथ दे म्हणून उपदेश करत नाही, ती स्वतःलाच समजावत असते असं वाटतं. लोक तिला 1976 च्या 'यंग हार्ट्स रन फ्री'ने ओळखतात, ते छानच आहे, नाचायला एक नंबर, पण तिचा खरा खजिना ह्या खोलीतला.

मग शेफील्डचं 3614 जॅक्सन हायवे. मसल शोल्स साउंड स्टुडिओ. आधी शवपेट्यांचं शोरूम होतं. फेममधलेच चार वादक 1969 मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी हे सुरू केलं. चौघं गोरे, आणि कित्येक काळ्या गायक-गायिकांना प्रत्यक्ष भेटेपर्यंत ते खरं वाटायचं नाही. टूरमध्ये सगळे बाथरूमचे फोटो काढतात, कारण रोलिंग स्टोन्स ह्या रॉक बँडच्या कीथ रिचर्ड्सने तिथे बसून एक गाणं पूर्ण केलं. मी बेटी लव्हेटबद्दल विचारलं, तर गाइड काकांचा चेहरा उजळला, म्हणाले, तिची आठवण काढणारे फार थोडे येतात.

बेटीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मिशिगनची, 1962 मध्ये सोळाव्या वर्षी पहिलं हिट. 1965 चं 'लेट मी डाउन ईझी' ऐका, मागची व्हायोलिन्स टोचल्यासारखी वाजतात आणि ती गयावया करतेय पण मान खाली न घालता. 1972 मध्ये मोठ्या कंपनीने तिला मसल शोल्सला पाठवलं, अख्खा अल्बम रेकॉर्ड झाला, आणि कंपनीने तो काढलाच नाही. ना कारण, ना काही. टेप कपाटात. 2000 साली एका फ्रेंच संग्राहकाने त्या टेप शोधून काढल्या आणि अल्बम बाहेर आला. अठ्ठावीस वर्षं! तिथून तिचा दुसरा जन्म, आणि 2007 मध्ये ती परत ह्याच गावात, फेममध्ये येऊन अल्बम करून गेली, नाव ठेवलं 'द सीन ऑफ द क्राइम'. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "एवढी वर्षं आवाज सांभाळला तिने, मला त्याचंच कौतुक." तो जुना अल्बम आम्ही मोटेलवर पोचेपर्यंत ऐकला आणि एकही गाणं पुढे ढकलावंसं वाटलं नाही.

फ्लोरेन्समध्ये ट्रोब्रिज नावाचं 1918 पासूनचं आइस्क्रीमचं दुकान आहे, तिथलं संत्रं-अननस खाच. मोटेल चालवणारे काका नवसारीचे निघाले, आईला बघून त्यांच्या बायकोने आल्याचा चहा आणि थेपले आणून दिले. त्यांच्याकडे इंग्लंडहून, जपानहून लोक फक्त हे स्टुडिओ बघायला येऊन राहतात म्हणे.

रविवार: नॅचेझ ट्रेस आणि जॅक्सन, मिसिसिपी

नॅचेझ ट्रेस पार्कवेने गेलो. पन्नास मैलाची स्पीड लिमिट, ट्रक नाहीत, जाहिरातींचे बोर्ड नाहीत, दोन्हीकडे नुसती झाडी. रस्त्यावर पेट्रोल मिळत नाही, टुपेलोला टाकी भरून घ्या.

जॅक्सनला मलाको रेकॉर्ड्स ही रेकॉर्ड कंपनी. रविवारी बंद असणार हे माहीत होतं, बाहेर मिसिसिपी ब्लूज ट्रेलची पाटी आहे ती बघायची होती. 2011 च्या एप्रिलमध्ये टॉर्नेडोने इमारत झोपवली होती, टेप्सचं कोठार तेवढं वाचलं, मग त्यांनी त्याच जागी परत बांधली. डोरोथी मूर ह्याच गावची. 'मिस्टी ब्लू' तिने 1973 मध्ये इथे गायलं. ते मूळ कंट्री गाणं, अनेकांनी गाऊन झालेलं, कोणी घ्यायला तयार नाही, दोन वर्षं पडून. 1975 च्या शेवटी मलाकोकडे पैसे संपत आले तेव्हा हाताशी होतं ते त्यांनी बाजारात सोडलं. 1976 मध्ये ते देशात तिसऱ्या नंबरला गेलं आणि कंपनी तरली. सुरुवातीला शब्द नाहीतच, नुसता एक लांब हुंकार. त्या हुंकारातच कळतं की ही बाई त्याला विसरलेली नाही आणि आता विसरायचा प्रयत्नही सोडलाय.

पाटी वाचत होतो तर एक आजी गाडी थांबवून उतरल्या, चर्चमधून आलेल्या, जांभळा सूट, त्याच रंगाची मोठी टोपी. बघायला आल्या की ह्या दोघी भर उन्हात करतायत काय. मी सांगितलं, तर त्यांनी गाडीचं दार उघडंच ठेवलं आणि माझ्या फोनवर गाणं लावायला सांगितलं. तो हुंकार आला तसा त्यांनी हात वर केला, आणि पुढचं गाणं डोरोथीसोबत खालच्या सुरात म्हणत राहिल्या. आईने नकळत मांडीवर ठेका धरला. मग आजींनी आईला गायला लावलं! आईने एक अभंगाची ओळ म्हटली, विठ्ठलाची, आजींना शब्द कळायचा प्रश्नच नव्हता पण आलाप आला तिथे त्या जोरात "यस, मॅम!" म्हणाल्या. ट्रिपमधला हा सगळ्यात मोठा ठेवा, आणि ठरवून मिळणारा नव्हता.

सोमवार: पोंचाटुला आणि न्यू ऑर्लिन्स

आय-55 ने दक्षिणेला. वाटेत पोंचाटुला, स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध गाव आणि आयर्मा थॉमसचं जन्मगाव. तिथून पुढे हायवे दलदलीवरून खांबांवर जातो, पाण्यात उभी सायप्रसची झाडं, पांढरे बगळे.

न्यू ऑर्लिन्समध्ये सोमवारी लाल बीन्स आणि भात खायची पद्धत आहे. सोमवार धुण्याचा दिवस, बीन्स चुलीवर ठेवून द्यायच्या. आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "अगं हा राजमाच की." (सॉसेज न टाकलेले सगळीकडे मिळत नाहीत, दोन-तीन ठिकाणी विचारावं लागलं.) उकाडा मात्र मुंबईच्या मेसारखा, दुपारी बाहेर पडू नका.

आयर्मा लहान वयात आई झालेली, एका क्लबात वेट्रेस होती, ग्राहकांना वाढता वाढता बँडसोबत गायची म्हणून नोकरी गेली. 1962 चं 'इट्स रेनिंग' अ‍ॅलन टूसाँने लिहिलं, 1964 चं 'विश समवन वुड केअर' तिने स्वतः. ओटिस रेडिंगचं 'पेन इन माय हार्ट' तिच्या 'रूलर ऑफ माय हार्ट'वरून घेतलेलं, आणि 'टाइम इज ऑन माय साइड' रोलिंग स्टोन्सने इतकं गाजवलं की पुढे तिने ते गायचंच सोडून दिलं होतं. 2005 च्या कतरिना चक्रीवादळात तिचा क्लब बुडाला. त्यानंतर केलेल्या 'आफ्टर द रेन' अल्बमला 2007 मध्ये ग्रॅमी मिळालं, तिचं पहिलं. आणि 2024 च्या जॅझ फेस्टमध्ये, ऐंशी ओलांडलेली आयर्मा रोलिंग स्टोन्ससोबत स्टेजवर उभी राहून तेच 'टाइम इज ऑन माय साइड' गायली. व्हिडिओ बघा, मिक जॅगर शेजारी आहे पण नजर तिच्यावरच जाते.

फ्रेंचमेन स्ट्रीटवरच्या रेकॉर्डच्या दुकानात आईने स्वतः निवडून आयर्माची रेकॉर्ड घेतली. घरी प्लेअर नाही हे मी तिला सांगितलं. म्हणाली, मिरजेत आहे.

मंगळवार: परत

मोबील, मॉन्टगोमेरी करत सात तास. फोन पूर्ण वेळ आईच्या हातात होता.

तुम्ही नव्याने ऐकणार असाल तर मी सांगेन 'मिस्टी ब्लू'पासून सुरू करा, लगेच आवडतं. मग अ‍ॅन पीबल्स, मग कँडीची फेमची गाणी, आणि बेटी लव्हेट एकदम शेवटी, कारण तिच्यानंतर थोडा वेळ दुसरं काही ऐकावंसं वाटत नाही. शर्ली ब्राउन लावाल तेव्हा सुरुवातीचं बोलणं पुढे ढकलू नका, सगळं तिथेच आहे. आणि आयर्मा किंवा बेटीचा कार्यक्रम तुमच्या शहराच्या जवळपास कुठे दिसला तर तिकिटाची किंमत बघत बसू नका, घेऊन टाका.